फक्त माझ्या हाताला फिरणारी चावी

आमच्या गाडीची चावी हरवली नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो. हरवलेल्या चावीची कथा कुणीही सांगेल. त्यात सगळं कर्तृत्व चावीचंच असतं. आमची चावी दाराशेजारच्या खिळ्यावर एकोणीस वर्षं इमानेइतबारे लटकत होती. अडचण एवढीच, की ती फक्त माझ्या हाताला फिरायची.

ही बढाई नाही. चावी पूर्ण आत घालायची, मग नखभर बाहेर ओढायची. झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालची उशी सरळ करावी तशी किंचित वर उचलायची. डाव्या हाताने स्टिअरिंग थोडं आपल्याकडे खेचायचं आणि श्वास सोडता सोडता फिरवायची. श्वास घेताना फिरवली तर फिरत नाही. असं का, ते मला ठाऊक नाही. मी कलावंत आहे, मेकॅनिक नाही.

मेकॅनिकलाही ठाऊक नव्हतं. गाडी सर्व्हिसिंगला न्यायला तो घरी आला की मला सोबत घेऊन जायचा. "साहेब, तुम्ही फक्त सुरू करून द्या, बाकीचं आम्ही बघतो." ऑफिसात माझ्या सहीवाचून एकही कागद अडत नाही. घरात माझ्या मतावाचून एकही निर्णय अडत नाही. गाडी मात्र माझ्यावाचून अडायची. माणसाला आपल्यावाचून काहीतरी अडायला लागतं. नाहीतर सकाळी उठून दाढी कशासाठी करायची?

अशा सुखात दिवस चालले असताना बायकोने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकून पहिल्याच फटक्यात लायसन्स काढलं.

मला आनंद झाला. मी तो सर्वांना बोलूनही दाखवला. ती ज्या वाचनालयात काम करते, त्याची नवी शाखा टेकडीपलीकडे उघडत होती. शाखेची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. वीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारल्यावर मिळालेलं पहिलं खरंखुरं पद. अट एकच: एक तारखेपासून सकाळी आठला कुलूप उघडायला तिने स्वतः हजर राहायचं. त्या वेळी तिकडे बस जात नाही. माझं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला आणि तेही आठचंच. जाण्यायेण्याची सोय नसेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला पाठवू, असं वरून सांगण्यात आलं होतं. ही दुसरी कुणी म्हणजे जी पुस्तकं रंगानुसार लावते ती, असं बायकोने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिने चष्मा काढून पुसला.

"अहो, पंधरा दिवस आहेत," ती म्हणाली. "मला गाडी सुरू करायला शिकवा. सकाळी तुम्ही द्याल सुरू करून, संध्याकाळी तिकडे कोण देणार?"

"शिकवून येण्यासारखी गोष्ट नाही ती. हाताला यावी लागते."

"तुमच्या हाताला आली ना? मग माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊनच गाडीत बसली. ग्रंथपाल बाई, पायऱ्यांना तिने क्रमांक दिले. पायरी पहिली, आत घालणे. पायरी दुसरी, नखभर ओढणे. "नख कुठलं? करंगळीचं की अंगठ्याचं?" मी करंगळीचं म्हणालो. पाचव्या पायरीला ती थांबली.

"श्वास सोडायचा म्हणता. नाकाने की तोंडाने?"

"नाकाने."

"नक्की?"

एकोणीस वर्षांत मी याकडे लक्ष दिलं नव्हतं. चावी हातात घेऊन बघायला गेलो आणि लक्ष दिल्याबरोबर गाडी मलाही सुरू होईना. तीन वेळा प्रयत्न केला. शेवटी मी डोळे मिटून दुसऱ्याच कशाचा तरी, बहुधा प्रॉव्हिडंट फंडाचा, विचार केला तेव्हा इंजिन घरघरलं. "तोंडाने," बायकोने वहीत दुरुस्ती केली.

मग तिने एक्केचाळीस वेळा प्रयत्न केला. वहीत पाच-पाचच्या रेघा ओढल्या आहेत, कुणाला पाहायच्या असतील तर. एव्हाना इमारतीतली निम्मी मंडळी खाली जमली होती. कुणी म्हणे मान तिरकी करा. कुणी म्हणे चपला काढून बसा. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, गाडीशी गोड बोल जरा." बायकोने गाडीशी बोलून पाहिलं, पण ते गोड नव्हतं.

बेचाळिसाव्या खेपेला तिने चावी बाहेर काढली, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाली, "कला-बिला काही नाही यात. चावी झिजलीय. नवी करून आणा."

हा घाव मी एकटाच जाणतो.

चौकातला चावीवाला छत्रीखाली बसतो. त्याने आमची चावी दोन बोटांत धरली, उलटी केली, सुलटी केली, अंगठा फिरवला.

"साहेब, ही चावी नाही राहिली. चमचा झालाय हा."

"पण चालते."

"तुमच्याकडून चालत असेल. हिच्यावरून दुसरी केली तर दुसरा चमचा होईल. दातेच उरले नाहीत, तर नक्कल कशाची करू?" मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "असं करतो, जिथे झिजलंय तिथे अंदाजाने भर धरतो. तीस वर्षांचा अंदाज आहे माझा."

त्याचा अंदाज देखणा होता. चावी चकाकत होती, दाते डौलदार होते. आमच्या गाडीत ती गेलीसुद्धा, पण फिरेना. तरी मी ती जुन्या चावीच्याच जुडग्यात अडकवून ठेवली. फेकायला जीव होईना. या चुकीचं महत्त्व पुढे कळेल.

इथे वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा प्रवेश झाला. डॉक्टर मनाने फार उमदे आहेत. जगातल्या प्रत्येक अडचणीकडे ते दाढ म्हणून पाहतात, एवढंच.

"चुकलात," जिन्यातच ते म्हणाले. "झिजलेल्या दातावरून नवा दात कुणी करतं का? माप जबड्याचं घ्यायचं असतं! चावी विसरा. कुलपाचं माप घेऊ."

"पण डॉक्टर, कुलपाच्या आत..."

"तीन मिनिटांत सेट होतं. सुगंधीसुद्धा आहे. पुदिना."

त्यांनी दवाखान्यातून दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा आणला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या कुलपात मोठ्या नजाकतीने भरला. भरताना ते दाराला "आता हलायचं नाही" असं म्हणाल्याचं बायकोने ऐकलं. तीन मिनिटं झाली. लगदा सेट झाला. इतका सेट झाला, की डॉक्टरांनी चिमटा लावला, दुसरा चिमटा लावला, शेवटी मला दाराला पाय लावून ओढायला लावलं, तरी तो हलला नाही.

"पकड उत्तम आहे," डॉक्टर व्यावसायिक समाधानाने म्हणाले. "हे कुलूप निरोगी आहे."

आमची गाडी जुनी. बाहेरून किल्लीने उघडणाऱ्या जागा दोनच: ड्रायव्हरचं दार आणि डिकी. दाराला पुदिन्याचा लगदा भरलेला. म्हणजे उरली डिकी. त्या दिवसापासून मी गाडीत डिकीतून शिरू लागलो. आधी डोकं, मग कोपर, मग स्टेपनीवरून मागच्या सीटच्या पाठीवर पोट, तिथून दोन सीटच्या फटीतून घसरत स्टिअरिंगपाशी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या पॅंटमध्ये, इमारतीतल्या बालगोपाळांसमोर. पहिल्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी कुणी बघेनासं झालं. ते जास्त लागलं.

"अहो, कुलूपच कशाला लावता?" बायको म्हणाली. "ही गाडी पळवायची तर चोराला आधी तुमच्याकडे शिकवणी लावावी लागेल."

पण मी कुलूप लावत राहिलो. तत्त्व म्हणून एक गोष्ट असते, आणि ती सहसा अशाच ठिकाणी उरते.

दहा दिवस राहिले तेव्हा आम्ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेलो. काउंटरवरची बाई फार आश्वासक होती. प्रत्येक गाडीच्या चावीचा एक नंबर असतो, तो कंपनीकडे जपून ठेवलेला असतो, त्यावरून पहिल्या दिवशी होती तशी कोरी चावी तयार होते, आठवडा लागतो. बायकोने माझा हात दाबला. बाईने गाडीचा नंबर टाइप केला.

"मालकांनी अर्ज करायचा. मालक कोण?"

"मी," मी म्हणालो.

बाईने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"मालकांचं वय शहाऐंशी दाखवतंय," ती म्हणाली. "छान ठेवलीय तब्येत."

गाडी मुळात सासऱ्यांची. पाच वर्षं वापरून त्यांनी ती आम्हाला दिली, ती कागदोपत्री आमच्या नावावर करायची राहून गेली होती. कशी राहिली, हे मला आठवत नव्हतं. सासऱ्यांना आठवत होतं. ते आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत जुने कागद सांभाळायच्या कामावर होते आणि निवृत्तीनंतर हे काम त्यांनी डोक्यात चालू ठेवलं आहे.

"जावईबापू," फोनवर ते म्हणाले, "तो फॉर्म मी तुम्हाला गाडीबरोबरच दिला होता. पेन्सिलीने फुल्या मारून. फुल्या होत्या तिथे सह्या घ्यायच्या होत्या फक्त."

"हो हो. करतो म्हणालो होतो मी."

"होय. मी वाट पाहतोय."

फॉर्म माझ्या कपाटात सापडला. 'तातडीचे' असं लिहिलेल्या फाइलमध्ये होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी कोणाची गाडी चालवत होतो?" मी सुन्न होऊन विचारलं.

"माझ्या बाबांची," बायको म्हणाली. "बाबांनी ड्रायव्हर ठेवला होता म्हणा ना. चांगला होता हो. स्वभावाने जरा चढेल."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं गाड्यांची नोंदणी होते त्या कार्यालयात गेलो. सासरे मागच्या सीटवर, मांडीवर फॉर्म, खिशाला पेन. वाटेत त्यांनी त्यावर काहीतरी लिहिलं आणि फॉर्म पुढे देऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला लावला. आम्ही टोकन घेतलं: सत्त्याऐंशी. बाकावर बसलो, आणि फॉर्म गाडीतच राहिल्याचं माझ्या लक्षात आलं.

आवारात झाडाखाली आमची पांढरी गाडी उभी होती. मी सवयीने डिकीकडे वळलो, तर पहारेकरी माझ्याकडे टक लावून बघत होता. सरकारी आवारात, परक्या माणसासमोर, डिकीत डोकं घालायला माझा मान आडवा आला. म्हटलं, दार एकदा बघावं. खिशातून चावी काढली, न बघता दाराला लावली, फिरवली, आणि दार लोण्यासारखं उघडलं!

मला भरून आलं. लगदा विरघळला म्हणायचा. किती दिवसांनी मी माणसासारखा, पायाकडून, गाडीत शिरलो. सीट जरा मागे गेली होती. बायकोच्या प्रयोगांत सरकली असेल म्हणून मी ती पुढे घेतली. पाठीशी एक उशी होती. सासऱ्यांची असेल. कप्पा उघडला तर आत फॉर्म नव्हता, चष्म्याचं घर होतं आणि कप्पा स्वच्छ होता. इथे मला शंका यायला हवी होती. पण मोह झाला. दार उघडलं त्याअर्थी... मी चावी स्टिअरिंगखाली लावली. ना ओढली, ना उचलली, ना श्वास सोडला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. माझी कला आज पूर्णत्वाला पोचली, असं मला वाटलं. मी डोळे मिटून बसलो.

काचेवर टकटक झाली. टाय लावलेले एक गृहस्थ वाकून बघत होते.

"काही हवंय का?" त्यांनी अदबीने विचारलं.

"नाही, आमचा फॉर्म सापडत नाहीये."

"माझ्या गाडीत कसा सापडेल?"

मी उशीकडे पाहिलं. आरशातून मागे पाहिलं. दोन गाड्या सोडून तिसरी पांढरी गाडी उभी होती, आणि तिच्या दाराच्या कुलपातून गुलाबी टोक बाहेर आलं होतं.

हे गृहस्थ म्हणजे ज्यांच्या सहीने गाड्या एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होतात, ते साहेब. पाच मिनिटं मी खुलासा केला. कला सांगितली, चमचा सांगितला, दंतवैद्य सांगितले. गोष्ट दंतवैद्यांपर्यंत आली तसा पहारेकरी उठून लांब गेला. त्याला हसू आवरेना. साहेब मात्र गंभीर होते. त्यांनी माझ्या हातातली चकाकती चावी घेतली, आपल्या गाडीला लावून चारदा फिरवली, मग खिशातून स्वतःची काढून फिरवून पाहिली. ती अडली.

"दोन वर्षं मी दुसरी चावी करून घ्यायला हिंडतोय," ते म्हणाले. "चौघांनी केल्या. एकही चालली नाही. तुमचा माणूस कुठे बसतो?"

"चौकात. छत्रीखाली. पण त्याने ही आमच्या गाडीसाठी..."

"ते दिसतंय. मात्र ही तुम्हाला परत देता येणार नाही. माझ्या गाडीची चावी तुमच्याकडे कशी ठेवू?"

हे बिनतोड होतं.

"आता तुमची गाडी कुठली ते दाखवा," साहेब म्हणाले. मी गाडीपाशी गेलो, चहूकडे पाहिलं, डिकी उघडली आणि आत शिरलो. मधल्या फटीत थोडा वेळ अडकलोही. फॉर्म घेऊन बाहेर आलो तेव्हा केस उभे होते आणि कोपराला ग्रीस होतं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "गाडी तुमचीच. दुसरा कुणी हे करणार नाही. टोकन कितवं?"

"सत्त्याऐंशी."

"मग बसा. आत्ता त्रेपन्न चालू आहे."

अडीच तासांनी आम्ही त्यांच्या टेबलासमोर बसलो. बायकोच्या मांडीवर ती वही होती. का आणली होती कोण जाणे. तिची बोटं एक्केचाळीस रेघांवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. तिने सकाळपासून एकदाही मला टोमणा मारला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इथे काही अडलं असतं तर चावी एक तारखेपर्यंत आली नसती आणि तिला वाचनालयाला नाही म्हणून कळवावं लागणार होतं, आणि तिने तशी चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवलेली मी पाहिली होती.

"नव्या मालकाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

एकोणीस वर्षांचा माझा हक्क घशाशी आला. मी तो गिळला. घसा साफ केला आणि आयुष्यात क्वचित जमणाऱ्या मोठेपणाने म्हणालो, "माझं नको. हिचं लिहा."

सासऱ्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"ते मी गाडीतच लिहिलं, जावईबापू. तुमची सही साक्षीदार म्हणून हवीय. फुली आहे तिथे करा."

मी केली. बायको हसली नाही. तिने टेबलाखाली माझा ग्रीसचा कोपर रुमालाने पुसला.

चावी तीस तारखेला, सर्व्हिस सेंटर बंद व्हायच्या जेमतेम तासभर आधी, कागदी पाकिटातून आली. 'मालक' या रकान्यात बायकोने सही केली. तिने ती सावकाश आणि सुवाच्य केली. तिथल्या कारागिराने पातळ आकड्याने दाराच्या कुलपातला लगदाही अख्खा बाहेर काढला. तो आता दंतवैद्यांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात आहे. अवघड दाढ म्हणून पेशंटना दाखवतात.

एक तारखेला सकाळी सातला आम्ही खाली आलो. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी खिडकीशी उभा राहिलो. शेवटच्या क्षणी काही सूचना लागल्या तर, म्हणून. तिने चावी घातली आणि फिरवली. गाडी सुरू झाली. मी नीट बघत होतो: ती त्या वेळी श्वास घेत होती.

ओढणं नाही, उचलणं नाही, काही नाही. एकोणीस वर्षांची साधना, आणि एक कोरा धातूचा तुकडा. मी सांगतो, माणसाला वाईट वाटायला हवं होतं. मी स्वतःत शोधलंसुद्धा. पण तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटून, इमारत जागी होईल असा, शाळकरी मुलीसारखा चीत्कार केला. मग मला काही शोधता येईना. मी बॉनेटवर थाप मारून "शाब्बास!" असं ओरडलो. कुणाला उद्देशून, ते अजून ठरलेलं नाही.

"उभे काय राहिलात? बसा, बस स्टॉपवर सोडते," नव्या मालकीणबाई म्हणाल्या.

मी फेरी मारून पलीकडच्या दाराने आत बसलो. या गाडीत त्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. पट्टा लावला आणि पाय ठेवायला खाली पाहिलं. पायाखालच्या रबरी मॅटला, उजव्या टाचेच्या जरा पुढे, एक भोक पडलं होतं. आरपार. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि खाली पत्रा घासून चकचकीत झालेला. ज्या बाजूला ब्रेक नसतो, त्या बाजूला, नेमकं ब्रेक असायला हवा तिथे.

"हे कसलं भोक?" मी विचारलं.

"ते होय," ती आरसा नीट करत म्हणाली. "तुम्ही गाडी चालवायचात ना, तेव्हाचं."

गाडी फाटकातून बाहेर पडली. पहिल्या वळणावर समोरून ट्रक आला आणि मी दाणकन पाय दाबला. बरोबर बसला.